मांजराला इन्सुलिन टोचताना जागा कशी निवडायची: माझा अनुभव

मांजराला मधुमेह निघाला की इंजेक्शन बहुतेक वेळा मानगुटीवर द्यायला शिकवतात. तिथली कातडी सैल असते, चिमटीत सहज येते आणि मांजरही फार हलत नाही. हात बसेपर्यंत ही जागा ठीक आहे. पुढे मात्र मी मानगूट जवळजवळ सोडूनच दिली. तिथे रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो. शिवाय दिवसातून दोनदा त्याच बोटभर जागेत सुई गेली की कातडीखाली घट्ट, तंतुमय थर तयार होतो. त्यातून इन्सुलिन कधी हळू, कधी अर्धवट शोषलं जातं. मग डोस तोच असूनही ग्लुकोमीटरचे आकडे वरखाली होत राहतात, आणि डोसच कमी पडतोय असं समजून तो वाढवला जातो. बोक्यांची मानेची कातडी मुळातच जाड असू शकते, तिथे हा त्रास आणखी जाणवतो.

त्याऐवजी मी दोन्ही कुशी वापरते. खांद्यामागून सुरू होणारी बरगड्यांची बाजू, शेवटची बरगडी आणि मांडी यांच्यामधला मऊ भाग आणि मांडीपुढची सैल घडी, एवढा पट्टा पुरेसा होतो. पाठीचा कणा आणि पाय वगळायचे. पोटाचा बाजूचा भागही चालतो, पण पोटाला हात लावू न देणाऱ्या मांजराशी तिथे झटापट करण्यात अर्थ नाही.

जागा बदलायची, पण कशीही नाही. शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून इन्सुलिन शोषलं जाण्याचा वेग सारखा नसतो. आज मान, उद्या पोट, परवा मांडी असं केलं तर त्या दिवसाच्या आकड्यांवरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून भाग एकच ठेवायचा आणि त्यातल्या त्यात सरकत राहायचं. सकाळी डावी कूस, संध्याकाळी उजवी. प्रत्येक वेळी आधीच्या टोचणीपासून दोन ते तीन सेंटिमीटर मागे, ओळ संपली की थोडं खाली नवी ओळ. डोस आणि साखरेच्या नोंदीशेजारीच जागाही लिहायची. घरात दोन माणसं इंजेक्शन देत असतील तर ही नोंद हवीच, नाहीतर दोघंही सोयीची तीच जागा धरतात.

मानेवरून कुशीवर येताना एक काळजी घ्या. शोषण सुधारलं तर तोच डोस जास्त जोरात लागू होऊ शकतो. हा बदल डॉक्टरांना सांगूनच करा आणि सुरुवातीचे दिवस साखर जास्त वेळा तपासा. मांजर अशक्त दिसलं, लडखडलं, अचानक अतोनात भूक लागली किंवा झटके आले तर साखर फार उतरलेली असू शकते. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

कुशीवरची कातडी मानेइतकी सैल नसते, त्यामुळे पकड बदलावी लागते. अंगठा आणि मधल्या बोटाने कातडी अलगद वर उचलायची आणि तर्जनीने उंचवट्यात हलकासा खळगा करायचा. सुईचा तिरका कापलेला भाग वर ठेवून ती त्या खळग्यात, अंगाला जवळजवळ समांतर घालायची. उंचवटा लहान आणि सुई १२.७ मिलिमीटरची असेल तर ती दुसऱ्या बाजूने बाहेर येते. ८ मिलिमीटरच्या सुईने हे कमी होतं. सुई फार वरवर राहिली तर औषध कातडीतच अडकून फुगवटा येतो आणि मांजराला झोंबतं. हडकुळ्या मांजरात सरळ खाली टोचली तर ती स्नायूत जाते, दुखते आणि इन्सुलिन लवकर चढतं. टोचून झाल्यावर जागा चोळू नका, चोळल्यानेही शोषणाचा वेग बदलतो.

दाट केसांत खरा धोका म्हणजे औषध केसांतच जाणं. केस ओले लागतात, इन्सुलिनचा औषधी वास येतो. अशा वेळी दुसरं इंजेक्शन द्यायचं नाही. आत किती गेलं हे कळायला मार्ग नसतो. एक डोस हुकला तर साखर थोडा वेळ चढी राहते, दुप्पट गेला तर जिवावर बेतू शकतं. पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला दोन्ही कुशींवर केस थोडे कातरून घेतले की कातडी दिसते आणि हात धीट होतो.

सिरिंज इन्सुलिनच्या प्रकाराचीच हवी. यू-४० म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन, यू-१०० म्हणजे १०० युनिट, आणि सिरिंजवरच्या खुणाही त्यानुसार वेगळ्या असतात. यू-४० इन्सुलिन यू-१०० सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत भरलं तर डोस अडीचपट कमी जातो, उलट केलं तर अडीचपट जास्त. सुई प्रत्येक वेळी नवी, कारण बोथट सुई जास्त दुखते.

मूत्रपिंडाच्या आजारासाठी कातडीखाली सलाईन चालू असेल तर ते पाणी जिथे साचलंय तिथे इन्सुलिन नको. टोचण्याआधी बोटांनी जागा चाचपायची सवय लावा. गाठ, खपली, सूज किंवा हात लावताच मांजर अंग चोरत असेल अशी जागा सोडून द्यायची. सोडल्यावरही गाठ विरत नसेल किंवा वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवायची.