कॉन्टेसा, नोंद ९: १३८ वरची थरथर

मागच्या नोंदीत नव्या गिअरबॉक्सचे फोटो टाकून "आता फक्त पळवायची" असं लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो.

माझी जुनी कॉन्टेसा गाडी ट्रेलरवर घालून एका खासगी धावपट्टीवर नेली. (रस्त्यावर ती येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं) आणि माझं इंजिन यांचं जमत नाही.) ताशी १२० किलोमीटरपर्यंत पोटातलं पाणी हललं नाही. १३० ला पायाखाली गुणगुण सुरू झाली. १३८ ला गिअर लिव्हर एकाचा दोन दिसायला लागला आणि आरशातली धावपट्टी पुसून गेली. पाय काढला. टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर, जेमतेम ३,७०० होते, म्हणून मी टायरला शिव्या घालत परत आलो.

घरी गाडी स्टँडवर चढवली आणि विजेरी घेऊन खाली शिरलो. सायलेन्सरच्या पत्र्यावर नखाएवढी चंद्रकोर घासून लख्ख झाली होती. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब पोकळ पाइप) दोन टोकांपासूनचं अंतर मोजलं तर बरोबर मधोमध. उभ्या गाडीत तिथे शाफ्ट आणि पत्र्यात बोटभर फट आहे. म्हणजे फिरताना शाफ्ट मधून वाकून पत्र्याला लागत होता, दोरीवरच्या उड्या मारताना दोरी फुगते तसा.

मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "साहेब, जाड पाइप टाकू. परत बघायला नको." मलाही पटलं होतं. मग रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी ताकद. इंजिनाचा टॉर्क १५० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरमध्ये तो साडेतीन पट होऊन शाफ्टवर येतो. माझा पाइप बाहेरून ६३.५ मिमी, भिंत २.१ मिमी. त्यात पिळाचा ताण येतो सुमारे ४४ मेगापास्कल. साध्या पोलादालाही याच्या तिप्पट सहज झेपतो. क्लच दणकन सोडला तरी आधी क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) जाईल, पाइप नाही. थोडक्यात, ताकदीचा प्रश्न नव्हताच.

आता वेग. आधीच्या मालकाने डिफरन्शिअल (शाफ्टची ताकद मागच्या चाकांना देणारा गिअरसंच) कुठूनतरी आणून बसवलेलं, म्हणून दात मोजले: क्राउन (मोठं चक्र) ३९, पिनियन (शाफ्टकडचं लहान चक्र) १०. टायर १९५/६० आर१५, घेर १.९३ मीटर. १३८ च्या वेगाला शाफ्ट फिरतो मिनिटाला ४,६०० फेऱ्यांच्या वर, आणि १६० ला जवळपास ५,४००. पाचवा गिअर ०.८ चा आहे, त्यामुळे शाफ्ट इंजिनापेक्षा सव्वापट जोरात पळतो. ही गोष्ट इतकी साधी आहे की लिहिताना लाज वाटते, पण मी तीन महिने शाफ्टचा हिशोब टॅकोमीटरवरून करत होतो.

१,४५० मिमी लांबीच्या त्या पाइपचा क्रिटिकल स्पीड निघतो ४,९०० च्या आसपास. या वेगाला पाइप स्वतःच्या नैसर्गिक कंपनात सापडतो आणि वाकत सुटतो. त्याच्या ७५ टक्क्यांच्या वर जायचं नाही असा सर्वसाधारण दंडक, आणि मी ९५ टक्क्यांवर खेळत होतो. भिंत ४ मिमी केली तर आकडा उलट ४,७७० वर उतरतो, कारण ताठपणाबरोबर वजनही वाढतं. ॲल्युमिनियमनेही फारसा फरक पडत नाही, हलकं आहे तितकंच लवचीकही. फरक पडतो व्यासाने, आणि खरा फरक लांबीने: लांबी निम्मी केली की क्रिटिकल स्पीड चौपट. ३ इंची पाइपने ५,९०० मिळाले असते, पण त्याचे ७५ टक्के म्हणजे ४,४०० च्या आसपास, १६० च्या ५,४०० ला ते अपुरेच. त्याहून मोठ्या व्यासाचा पाइप माझ्या टनेलमध्ये (फ्लोअरमधला शाफ्टचा बोगदा) मावत नाही.

तेव्हा शाफ्ट दोन तुकड्यांत, पुढचा ६२० आणि मागचा ८३० मिमी, मध्ये रबरातलं सेंटर बेअरिंग. मागच्या तुकड्याचा आकडा कागदावर १५,००० पर्यंत जातो. बेअरिंगचं रबर लवचीक असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी, तरी भरपूर जागा आहे.

बॅलन्सिंग निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत करून घेतलं. तिथला पोरगा ट्रकचे शाफ्ट करतो. म्हणाला, "पाच-दहा ग्रॅमनं काय होतंय?" पाइपच्या पृष्ठभागावर १० ग्रॅम जास्त असतील तर १६० च्या वेगाला ते १० किलोच्या जोराने ओढतात, सेकंदाला ९० वेळा. हे सांगितल्यावर त्याने मुकाट्याने एक चकती खरवडून काढली. शाफ्ट सुटा करायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर पंचने खूण करा. स्प्लाइन (तुकडे एकमेकांत बसवणारे दाते) एक दात चुकला की योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत आणि सगळं बॅलन्सिंग पाण्यात.

कोन मोबाइलच्या लेव्हलने मोजले. ५,००० आरपीएमला क्रॉसचा कोन सव्वातीन अंशांच्या आत हवा. शून्यही नको, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी राहून खड्डे पाडतात. मागचा कोन साडेचार होता, डिफरन्शिअलखाली पाचर घालून दोनवर आणला. जोर बसला की पिनियनचं नाक वर उचलतं, ते धरून खाली झुकतं ठेवलंय.

आणि लूप, म्हणजे शाफ्ट तुटला तर त्याला धरून ठेवणारा वेढा. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक जमिनीत रुततं आणि गाडी बांबूउडीसारखी मागून उचलली जाते. मागचा तुटला तर फटकारे थेट फ्लोअरला, आणि तिथे माझी मांडी. अमेरिकेतल्या एनएचआरए या संघटनेच्या ड्रॅग (सरळ रेषेतल्या) शर्यतींच्या नियमांत पाव इंच जाड, दोन इंच रुंद पोलादी पट्टीचा पूर्ण वेढा, पुढच्या क्रॉसपासून सहा इंचांच्या आत, असं आहे. मी तोच घेतला, दुसरा वेढा मागच्या तुकड्याला. दोन्ही चासीला बोल्टने, नुसते फ्लोअरच्या पत्र्याला नाहीत. टनेलमधून जाणारा ब्रेक पाइपही बाजूला सरकवला, त्यात अख्खा रविवार गेला.

काल धावपट्टीवर १४५ पर्यंत नेली. आरशात मागचा ट्रेलर स्पष्ट दिसत होता. मात्र पहिल्या गिअरमध्ये निघताना आता मधूनच एक थरकाप येतो, ३० च्या पुढे गायब. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटची उंची वॉशर घालून ५ मिमीने कमी करून बघणार आहे. कोणी हा थरकाप घालवला असेल तर वॉशर किती जाडीचे टाकले ते सांगा.