शाई लवकर सुकते म्हणून न्यूयॉर्क सोडलं

दोन दिवस झाले जपानी सुलेखनकार-चित्रकार तोको शिनोदांचीच चित्रं बघत बसलेय, डोक्यातून जातच नाहीत. बाई जन्मल्या १९१३ ला, सहाव्या वर्षी वडिलांनी कुंचला हातात दिला आणि गेल्या २०२१ मध्ये, १०७ व्या वर्षी, म्हणजे शंभर वर्षं तीच एक शाई! सुमी म्हणतात तिला, काजळी आणि सरस मळून वडी करतात आणि दगडावर थेंब थेंब पाणी घालत उगाळतात, अगदी आपण सहाणेवर चंदन उगाळतो तसंच. १९५६ ला त्या न्यूयॉर्कला गेल्या, नावही झालं, पण तिथली हवा इतकी कोरडी की शाई पसरायच्या आत सुकायची, मग दोन वर्षांत परत जपान (आपण ट्रॅफिकला शिव्या घालत तिथेच राहतो ते वेगळं).

मला सगळ्यात आवडतो तो चांदीच्या वर्खावरचा काळा फटकारा आणि बाजूला बारीकशी शेंदरी रेघ. अक्षर आहे की नाही तेच कळत नाही, आणि कळायला हवंच असंही नाही. लिथोग्राफ (दगडावर काढून छापलेलं चित्र) छापून झाल्यावर पण त्या वरून कुंचल्याने हात फिरवायच्या, त्यामुळे एक प्रिंट दुसऱ्यासारखी नाही.

काल मी पण हँडमेड पेपरवर ट्राय केलं. शाई सरळ खालच्या टेबलक्लॉथवर उतरली, आई अजून बोलतेय.