भूल न देता लेकीचा एमआरआय

सात वर्षांच्या मुलीच्या मेंदूचा एमआरआय म्हटल्यावर डॉक्टरांनी भूल द्यायची का, हे आधीच विचारलं. म्हणजे सहा तास पोटात अन्न नाही आणि वर सलाईनची सुई. आमच्या बाईसाहेब सुईचं नाव काढलं तरी घर डोक्यावर घेतात. "अर्धा तास न हलता पडून राहणार असेल तर भूल नको," असं ते म्हणाले, आणि मी तेवढंच धरून बसले.

तिची तयारी व्हीआरने करून घ्यायची ठरवली, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात शिरायचं. व्हीआर म्हटलं की दुखण्यावरून लक्ष दुसरीकडे वळवणं आठवतं. अमेरिकेत सिएटलला भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' बनवलं, त्यात जखमेची मलमपट्टी चालू असताना रुग्ण बर्फाचे गोळे फेकत बसतो. पण एमआरआयच्या खोलीत लोहचुंबकाचं राज्य, तिथे साधा हेडसेट नेता येत नाही. म्हणून इथे व्हीआर रंगीत तालमीपुरतं. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने मुलांना मशीनची सफर घडवणारं ॲप याचसाठी काढलं होतं.

महागडा हेडसेट घेतला नाही. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटला किमान वय १० लागतं, आणि तसाही तो घरात धूळ खात पडला असता. पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाईल सरकवला, एमआरआयचा ३६० अंशांचा व्हिडिओ लावला आणि तिला सतरंजीवर आडवं केलं. व्हिडिओत मशीनची ठक-ठक सुरू झाली तशी ती ताडकन उठून बसली. मग आवाज बारीक ठेवून सुरुवात केली आणि रोज थोडा वाढवत नेला. डोळ्यांना ताण नको म्हणून एका वेळी दोन-चार मिनिटंच.

"मध्येच नाकाला खाज आली तर?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, टेक्निशियनदादांकडे होतं. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की ते थांबतात. तिचं अर्धं भय तिथेच गेलं, असं मला वाटतं.

त्या दिवशी दारातच माझं मंगळसूत्र, तिच्या केसांतल्या पिना, सगळं काढून ठेवलं. डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवली तेव्हा मात्र ती बिचकली, कारण व्हिडिओत कॉइल नीट दिसतच नव्हती. मी तिचा पाय धरून उभी राहिले. ठक-ठक सुरू झाली आणि ती पुतळ्यासारखी पडून राहिली. एक भाग धूसर आला म्हणून पुन्हा घ्यावा लागला, बाकी सगळं एका दमात. कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, लागला नाही, त्यामुळे सुईही टळली.

बाहेर आल्या आल्या तिने तक्रार केली, "आई, त्या व्हिडिओवाल्यांना पिंजरा दाखवायला सांग ना!"