तुम्ही विचारलंत म्हणून: त्या बैठकीत मी कोणाच्या बाजूनं होते

"काकू, खरं सांगा, तुम्ही म्हाताऱ्यांकून होत्या का पोट्ट्यांकून?" बाजारात, लग्नात, एसटीची वाट पाहताना, एकदा तर मयतीच्या घरी बसलेली असताना मला हे विचारलं गेलं. 2024 च्या पोळ्यानंतर तालुक्याच्या बैठकीत मी पक्षाचं पासबुक, शिक्का आणि कोरी पावती पुस्तकं टेबलावर ठेवून निघून आले, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पुढचं ज्यानं त्यानं आपल्या मनानं जुळवलं. पक्षातल्या म्हाताऱ्यांचे पुढारी काकाजी; त्यांची माणसं म्हणतात, पोरांमधल्या माझ्या पुतण्यानं मला फितवलं. पोरं म्हणतात, मी पहिल्यापासून म्हाताऱ्यांचीच. आणि काही जण सांगतात की हे आमचं घरचं भांडण, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून पेटलेलं. आमच्यात धुऱ्याचा वाद नाही, कधी नव्हता. हे आधी लिहून ठेवते.

खजिनदार म्हणून माझं काम पावत्या फाडायचं. शेतात सीतादहीची पूजा झाली, पहिल्या वेचणीचा कापूस घरी आला की आम्ही बाया गावोगाव निघायचो. कोणी दहा द्यायचं, कोणी वीस. हातात रोकड नसली तर ओंजळभर कापूस, पायलीभर तूर. ते गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला घालून जे येईल त्याची पावती त्याच माणसाच्या नावानं. "चुकारा झाला की देतो" म्हणणारा माणूस चुकारा झाल्यावर, म्हणजे मालाचे पैसे हाती आल्यावर, खरंच घरी यायचा. पूर्वी मी भाषणात ठासून सांगायची की आपला पक्ष या पैशावर चालतो. तो कधीच चालला नाही. निवडणुकीत उमेदवार आपला पैसा घेऊन यायचा, आणि तो कुठून आला हे विचारायची आमच्यात रीत नव्हती. मला ते दिसत होतं. तरी भाषणातली एक गोष्ट आजही मागे घेणार नाही. ज्यानं वीस रुपये दिले, तो आमची गाडी रस्त्यात हात दाखवून थांबवायचा आणि जाब विचारायचा. फुकट जेवण घेतलेला माणूस तसा थांबवत नाही.

म्हाताऱ्यांना इमारत हवी होती. प्लॉट घेऊन ठेवलेला, त्यावर बाभळी वाढल्या, इमारत निधी बँकेत पडून. पोरांना गाड्या, बूथवरची माणसं, मोबाईलवरचा प्रचार. पोरांचं खोटं नव्हतं. विधानसभेच्या उमेदवाराला कायद्यानं 40 लाखांपर्यंत खर्च करता येतो, पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. समोरच्याच्या पंधरा गाड्या फिरत असताना आमची पोरं एका मोटरसायकलवर तिघं बसून वाड्या-पोडांवर जायची. आणि पदं सगळी सत्तरीच्या माणसांकडे. तिकिटाची वेळ आली की त्यांच्या मुलांचं नाव पुढं यायचं, राबणाऱ्या पोरांना मतमोजणीचा पास. मी पोरांच्या जागी असते तर मीही चिडले असते.

पण पुतण्याच्या मनातलं मूळ दुखणं वेगळं होतं. 2017 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली, माणसं गेली, किती जणांची नजर अधू झाली. पुतण्या आणि त्याचे मित्र रात्र-रात्र सरकारी दवाखान्यात होते. गाडीला डिझेल नाही, बाहेरून औषध आणायला पैसे नाहीत. तो माझ्याकडे आला: "काकू, इमारत निधीतून काढून दे, मागाहून भरू." काकाजींनी नकार दिला. चेकवर दोघांच्या सह्या लागायच्या, आणि मीही दिली नाही. पावतीवर छापलेलं होतं, इमारत निधी. लोकांनी ज्या कामाला दिले त्याच कामाला ते लागले पाहिजेत, असं माझं म्हणणं. मी बायांना घेऊन वेगळी वर्गणी केली, जी जमली ती दवाखान्यात नेऊन दिली. ती पुरली नाही. पुतण्यानं मोटरसायकल गहाण टाकली. रात्री मनाशी भांडते तेव्हा वाटतं, बाभळीच्या प्लॉटसाठी मी माणसांचं औषध अडवलं. सकाळी वाटतं, तेव्हा ते काढले असते तर पुढं प्रत्येक वेळी काहीतरी तातडीचं निघालं असतं. दोन्ही बाजूंनी मी स्वतःलाच बोलत असते.

आता बैठकीचं.

2024 च्याच 15 फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टानं निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षाला पैसे द्यायची सोय, रद्द केले होते. कोणी कोणाला किती दिले ते मतदाराला कळलं पाहिजे, असा तो निकाल. आमच्या पोरांनी चौकात पेढे वाटले, पुतण्या सगळ्यात पुढं. पोळा झाला, विधानसभा तोंडावर आली, आणि बैठकीत तोच उठून म्हणाला की एक रस्त्याचा ठेकेदार सहा लाख द्यायला तयार आहे. पण रोख. त्याची कामं सगळ्यांकडं, त्याला नाव नको. चेकनं वीस हजारांच्या वर दिलं की पक्षाला निवडणूक आयोगाकडं त्याचं नाव कळवावं लागतं. आणि एप्रिल 2017 पासून एका माणसाकडून दोन हजारांपेक्षा जास्त रोख घेतली तर पक्षाची आयकराची सूट जाते.

"नावं काकूजवळ हायेतच," पुतण्या म्हणाला. "त्याच नावांवर दोन-दोन हजाराच्या पावत्या फाडल्या की झालं. तीनशे नावं. कोनाचं काही जात नाई."

मी काकाजींकडं पाहिलं. मला हिशोब लिहायला त्यांनी शिकवलं. खाडाखोड झाली तर पान फाडायचं नाही, रेघ मारून बाजूला सही करायची, हे त्यांचं. त्यांनी एवढंच विचारलं, "अर्धे इमारतीले ठेवा लागन. जमते का?"

पुतण्या म्हणाला, जमते.

किती वर्षांचं भांडण ते. एकमेकांच्या लग्नाला न जाणारी माणसं. ते तिथं मिटलं, आणि खोलीत सगळ्यांना हायसं वाटलं. चहा सांगितला गेला.

मी म्हणाले, "त्या नावांमध्ये एक बाई आहे, तिचा नवरा फवारणीत गेला. ती दरवर्षी दहा रुपये देते. तिच्या नावावर दोन हजार लिहू?"

पुतण्या माझ्याकडं वळला. "तिचा नवरा दवाखान्यात होता तवा तुमची सही कुठं होती, काकू?"

चार लोकांत त्यानं मला असं पहिल्यांदाच विचारलं. माझ्याजवळ उत्तर होतं, इमारत निधीचं, छापील पावतीचं. तिथं ते बोलवेना. आणि खरं सांगते, त्याचा प्रश्न बरोबर आहे असं मला त्या क्षणीही वाटलं. पण म्हणून त्या बाईचं नाव त्याचं होत नाही. माझंही होत नाही. ते तिनं दहा रुपयांना दिलं होतं, दोन हजारांना नाही. मी पासबुक काढलं, शिक्का काढला, कोरी पुस्तकं काढली, टेबलावर ठेवली. भरलेल्या स्थळप्रती, म्हणजे फाडलेल्या पावत्यांच्या पुस्तकात राहणाऱ्या प्रती, पिशवीत घालून घरी आणल्या.

तर मी कोणाच्या बाजूनं होते? त्या दिवशी तिथं दोन बाजू उरल्याच नव्हत्या.

पुढचा प्रश्नही मला माहीत आहे: तक्रार काहून केली नाही? केली नाही. तो माझ्या दिराचा मुलगा आहे, माझ्या हातचं खाऊन वाढला. शिवाय नंतर पैसे आले की नाही, पावत्या फाडल्या की नाही, मी पाहिलेलं नाही. न पाहिलेलं कागदावर लिहिणार नाही. याला कोणी भित्रेपणा म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

दिवाळीत तो घरी आला, फराळ केला. जाताना म्हणाला, "काकू, दहा-दहा रुपयानं निवडणूक होते का? तूच सांग." त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. कोणाच्या दारात पावती पुस्तक घेऊन जायचं, हा त्याचा मुद्दा मला खोडता आला नाही. मी म्हणाले, "नाही होत." तो म्हणाला, "मंग स्थळप्रती देऊन दे." मी दिल्या नाहीत.

त्या माझ्याकडंच आहेत. काकाजींचे दोन निरोप येऊन गेले, पक्षाची मालमत्ता आहे म्हणून. असेल. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांनी घरी यावं, आपलं पान पाहावं, हवं तर त्याचा फोटो काढून न्यावा. पक्षाला हव्या असतील तर त्यानं त्या माणसांना विचारून मागाव्यात.