अंगठा न आवळणारा थंबपिक मिळवताना

थंबपिक (अंगठ्याभोवती अंगठीसारखी बसणारी पट्टी आणि तार छेडायला बाहेर आलेलं पातं) घालून गिटार वाजवणाऱ्या बऱ्याच जणांचं रडगाणं एकच असतं, पिक एकतर अंगठा आवळतो नाहीतर बेसच्या जाड तारा जरा जोरात वाजवल्या की गोल फिरतो. माझंही तेच चालू होतं. ट्रॅव्हिस पिकिंग या वाजवण्याच्या पद्धतीत अंगठा सतत जाड तारांवर आलटून पालटून चालतो, तिथे पिक जरासा सरकला तरी सगळा ठेका हलतो आणि मग आपण नकळत अंगठा ताणून धरतो, त्याने मनगटही दुखायला लागतं.

आधी साईज बदलून बघितल्या. स्मॉल, मीडियम, लार्ज असं लिहिलेलं असतं पण प्रत्येक कंपनीचा मीडियम वेगळाच. फ्रेड केलीचा स्पीड पिक वजनाला हलका, पातं साध्या पिकसारखं पातळ, आवाज मस्त. ब्लॅक माउंटनच्या पिकमध्ये स्प्रिंग असते त्यामुळे तो बहुतेक अंगठ्यांवर बसतो. दोन्ही चांगले आहेत, पण मला बेसला जो भरीव आवाज पाहिजे होता तो जाड सेल्युलॉइडमध्येच (एक प्रकारचं प्लास्टिक) मिळाला, म्हणून थोडा मोठाच पिक घेऊन तो स्वतः बसवायचं ठरवलं. मोठा का, तर लांब पातं कापता येतं, आखूड वाढवता येत नाही!

पट्टी आवळायला गरम पाणी पुरतं. पाणी उकळून गॅस बंद करायचा, चिमट्याने पिक धरून फक्त पट्टी काही सेकंद बुडवायची, मऊ झाली की अंगठ्यापेक्षा किंचित बारीक मार्कर पेनवर दाबून धरायची आणि तशीच गार पाण्यात घालायची. एकदम जास्त आवळू नका, थोडं थोडं करत घालून बघा. आणि प्लीज, लायटर किंवा मेणबत्ती अजिबात नको, सेल्युलॉइड भर्रकन पेटतं. डेलरिन नावाच्या प्लास्टिकच्या पिकवर ही युक्ती चालत नाही, ते गरम पाण्याला दाद देत नाही. पट्टी नखाच्या मुळाशी, सांध्याच्या थोडी पुढे बसली पाहिजे, आणि काही वेळ घालून ठेवल्यावर अंगठ्याचं टोक लाल-निळं पडायला नको. उकाड्यात बोटं थोडी सुजतात म्हणून तेव्हाही एकदा घालून बघाच.

पण खरा फरक पडला तो पात्याच्या कोनाने, आणि याबद्दल लोक फार कमी बोलतात. अंगठा तारेवर तिरका येतो, त्यामुळे पात्याची सपाट बाजू न लागता कड घासते आणि वाऊंड (बारीक तार गुंडाळलेल्या जाड) तारांवर तो खरखर आवाज येतो. मी पात्याला मार्करची शाई लावली, थोडा वेळ नेहमीसारखं वाजवलं आणि शाई कुठून पुसली गेली ते बघितलं. टोकाची एकच बाजू पुसली होती, अख्खी बाकी तशीच काळी. मग पातं गरम पाण्यात मऊ करून जरासं पिळलं, परत शाई लावली, परत वाजवलं. सपाट भाग तारेला लागायला लागला तसा आवाज एकदम गोल झाला, ऐकूनच मन खूश झालं.

लांबी नेलकटरने कापली, अगदी तुकडा तुकडा, कारण पातं लांब असलं की तारेत अडकतं. मग कानस, मग ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर पाणी लावून, शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर चांगलं घासलं. कड जेवढी गुळगुळीत तेवढी खरखर कमी, इथे घाई करू नका. पट्टीच्या आतल्या बाजूला मात्र उलटं, तिथे पेपरने आडवे ओरखडे काढले म्हणजे घाम आला तरी पिक धरून राहतो. तरीही फिरत असेल तर आत कापडी टेपचा पातळ तुकडा चिकटवा, टेप झिजली की बदलायची.