मामांच्या पांढऱ्या रानातून परत येताना

आज शिरोळला मामांच्या रानात दिवसभर होतो. दोन एकराचा तुकडा, गेली कित्येक वर्षं क्षारपड. वर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर, पाय टाकला की कुरकुर वाजतो. माझ्या लहानपणी इथंच डोक्यावर दीड माणूस ऊस उभा असायचा!

राजर्षी शाहूंनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, पुढं कोल्हापूरच्या शिवारात पाणी आलं आणि आपली घरं उभी राहिली. ते उपकार फिटायचे नाहीत. पण उसाला पाट भरून पाणी द्यायची सवय आपली. त्यानं जमिनीखालचं पाणी वर चढलं, सोबत क्षार आले, उन्हानं पाणी उडालं आणि क्षार तेवढे वर राहिले.

आज तिथं जाळी गुंडाळलेले भोकं पाडलेले पाईप चार फूट खोल गाडले. खारं पाणी त्यातून चरीत निघून जाणार. वरनं आता ठिबक. खर्च मोठा आहे, आणि शेजारच्या सगळ्यांनी मिळून केलं तरच पाण्याला पुढं वाट मिळते. सात जण तयार झाले, याचं मला फार कौतुक वाटलं.

२०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटींवर गेली. नवी जमीन कुठून आणणार? आहे तीच वाचवायला पाहिजे.

संध्याकाळी पाईपातनं पहिली धार पडली. मामांनी बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट हाय रं," म्हणाले, आणि डोळे पुसले.