सांडेफ्योर्डची वाफेची बोट

नॉर्वेचे फ्योर्ड, बर्गनचा पाऊस, ते सगळं फोटोत आहे. मला लिहायचंय ते सांडेफ्योर्डबद्दल, जिथे आमच्या ग्रुपमधलं कोणी यायलाच तयार नव्हतं.

ओस्लोहून ट्रेनने दोनेक तास. गाव छान, शांत, गर्दी अजिबात नाही. धक्क्यावर 'सदर्न ॲक्टर' उभी असते, 1950 ची देवमासे मारायची बोट, वाफेचं इंजिन अजून चालतं. बोटीवरचे आजोबा इतके प्रेमाने बोलावतात, इंजिनरूममध्ये नेऊन एकेक भाग दाखवतात. मग वर आलं की ब्रिजपासून, म्हणजे जिथून बोट चालवतात त्या केबिनपासून, पुढच्या टोकावरच्या शिकारीच्या तोफेपर्यंत जाणारा अरुंद पूल दिसतो, आणि त्या पुलावर उभं राहिल्यावर माझं डोकंच फिरलं.

कारण निळा देवमासा आधी कोणाच्या हाती लागायचाच नाही. वल्ह्याच्या होडीला त्याचा वेग गाठता येत नसे आणि मेला की तो बुडायचा. मग इथून जवळच्याच टॉन्सबर्गच्या स्वेन फोयनने 1863 मध्ये वाफेची शिकारी बोट बांधली, 1870 मध्ये शरीरात घुसून फुटणाऱ्या हार्पूनचं (तोफेतून मारायच्या, दोर बांधलेल्या भाल्याचं) पेटंट घेतलं, बुडणारं धूड वाफेच्या विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) वर ओढायचं, नळीने आत हवा भरून तरंगत ठेवायचं आणि पुढच्याच्या मागे लागायचं. पळणं आणि बुडणं, दोन्हींवर उपाय काढला! 1925 ला 'लान्सिंग' जहाज आलं, मागच्या उतारावरून अख्खा देवमासा डेकवर ओढून घेणारं, म्हणजे तो कापायला किनाऱ्याचीही गरज संपली. 1930-31 च्या एका हंगामात अंटार्क्टिकात 29 हजारांच्या वर निळे देवमासे मारले. कशासाठी, तर त्यांच्या चरबीच्या तेलापासून बनणारं मार्गारीन (लोण्याऐवजी वापरतात ते) आणि साबण.

2023 ला गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर आलेलं देवमाशाचं एक पिल्लू वाचवायला आपल्याकडे लोक रात्रंदिवस झटले होते, ते तिथे सारखं आठवत होतं.

गावातलं म्युझियमही बघा, 1917 चं, व्हेलिंगच्या पैशातून उभं राहिलेलं. छताला अख्ख्या आकाराचा निळा देवमासा टांगलाय. माहिती उत्तम आहे, पण बोटी आणि मालकांचं कौतुक मला जरा जास्तच वाटलं.

आणि हो, 1986 पासून देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आहे तरी नॉर्वे हरकत नोंदवून मिंके जातीचे छोटे देवमासे आजही मारतं. बर्गनला मेनूत ते मांस होतं, आमच्यातल्या दोघांनी 'एकदा चाखून बघू' म्हणून मागवलंच. मी टेबलावरून उठले, त्यांना ते अति वाटलं, मला अजूनही नाही वाटत.